काम सुटले, हक्क सुटू नये

घरातल्या कमावत्या माणसाचे काम सुटले की ही गोष्ट पुष्कळदा त्याच्या बायकोलाही आठ-दहा दिवसांनी कळते. तो रोजच्या वेळी डबा घेऊन निघतो, कुठेतरी बसून राहतो, संध्याकाळी परत येतो. अब्बा-अम्मींना काळजी नको, मुलांना कळायला नको, सासुरवाडीत बोलबाला नको. दुकानदाराची उधारी वाढते, घरभाडे थकते, शाळेच्या फीची चिठ्ठी दप्तरातच राहते. हा गप्पपणा समजण्यासारखा आहे. पण त्यात जे दिवस जातात, त्याच दिवसांत कायद्याने मिळू शकणाऱ्या मदतीची मुदतही सरत असते.

आपल्या देशात सर्वांसाठी सरसकट बेकारी भत्ता नाही. मात्र ज्यांच्या पगारातून 'ई.एस.आय.' म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे पैसे कापले जातात, त्यांच्यासाठी काम गेल्यावर रोख मदतीची सोय आहे. भिवंडी, तळोजा, वाळूज, चाकण, सोलापूर अशा भागांतले आपले कितीतरी बंधू-भगिनी कंत्राटदारामार्फत कारखान्यांत, गोदामांत, औषध कंपन्यांच्या पॅकिंगमध्ये आहेत. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते. पण ती कशासाठी, हे ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांचा अर्ज कुठेतरी अडकतो आणि दोन चकरांनंतर माणूस नाद सोडतो. म्हणून अर्ज कुठे अडकतो आणि तो कसा सोडवायचा, हे इथे क्रमाने पाहू.

ही खैरात नाही

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या विम्यात येतो. अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. म्हणजे १५,००० पगार असेल तर कामगाराचे साधारण ११३ रुपये आणि मालकाचे साधारण ४८८ रुपये दरमहा जमा होतात. काम गेल्यावर मागायचे ते या हिशेबातून उभे राहिलेले हक्काचे पैसे. जकात किंवा सदका घेताना खुद्दार माणसाला जो संकोच वाटतो, तो इथे मानण्याचे कारण नाही. विम्याबद्दल ज्यांच्या मनात शरई शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावे. पण शरमेपोटी हक्क सोडू नये.

दोन योजना, दोन वेगळ्या अटी

पहिली 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना'. ती १ जुलै २०१८ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. आधी सरासरी कमाईच्या २५ टक्के मदत होती. करोनाच्या काळात ती ५० टक्के झाली. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी ही मदत मिळते. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे. २०२४ च्या निर्णयाने ती ३० जून २०२६ पर्यंत नेण्यात आली. तेव्हा अर्ज करताना चालू मुदत शाखा कार्यालयात विचारून घ्यावी.

अटी अशा. काम जाण्यापूर्वी किमान दोन वर्षे विम्याखाली नोकरी झालेली हवी. विम्याचे वर्ष दोन भागांत मोजतात : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. काम गेले त्याच्या लगतच्या आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवस वर्गणी भरलेली असावी, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी कोणत्याही एकीत ७८ दिवस भरलेले असावेत. समजा, जून २०२५ मध्ये काम गेले. मग ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ या सहामाहीत ७८ दिवस हवेत, आणि त्याआधीच्या तिन्हींपैकी एकीत ७८. ७८ दिवस म्हणजे महिन्याला सरासरी १३ हजेऱ्या.

रक्कम काढण्यासाठी चार सहामाह्यांची एकूण कमाई ७३० ने भागतात. महिना १५,००० प्रमाणे दोन वर्षांचे ३,६०,००० रुपये होतात. ७३० ने भागले की रोजचे सुमारे ४९३ आणि त्याच्या निम्मे सुमारे २४६ रुपये ५० पैसे. ९० दिवसांचे साधारण २२,२०० रुपये. मध्ये दोन-चार महिने खंड असेल तर एकूण कमाई घटते, भागाकार मात्र ७३० नेच होतो. म्हणून रक्कम कमी येते. रक्कम कमी दिसली की लगेच 'पैसे खाल्ले' म्हणण्याआधी हा हिशेब घरी करून पाहावा.

दुसरी 'राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना', १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघाताने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येऊन काम गेले, तर ती लागू होते. तिच्यात पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता आहे. एकाच काळासाठी दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. म्हणून कारखानाच बंद झाला असेल तर घाईने पहिल्या योजनेचा अर्ज टाकू नका. आपण दुसऱ्या योजनेत बसतो का, हे आधी शाखेत विचारा. तीन महिन्यांच्या मदतीपेक्षा दोन वर्षांची मदत मोठी आहे.

दोन्ही योजनांत भत्ता चालू असेपर्यंत विम्याच्या दवाखान्यातील उपचारही मिळतात. काम सुटले म्हणून 'पहचान कार्ड' फेकून देऊ नका.

अर्ज कधी आणि कसा

अटल योजनेत काम गेल्यापासून ३० दिवस झाल्यावर मदत देय होते, आणि काम गेल्यापासून एका वर्षाच्या आत दावा करावा लागतो. महामंडळाच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून नोंदणी करून दावा भरायचा, त्याची छापील प्रत काढून सही करायची आणि आधारची व बँक पासबुकची छायाप्रत जोडून आपल्या शाखा कार्यालयात द्यायची किंवा टपालाने पाठवायची. पूर्वी अर्ज मालकाकडून पुढे पाठवावा लागे. २०२० मध्ये ती अट काढली. आता कामगार थेट शाखेत अर्ज देऊ शकतो, मालकाकडून खातरजमा करणे शाखेचे काम आहे. 'आधी शेठची सही आणा' असे कुणी म्हटले तर ही गोष्ट शांतपणे सांगावी.

गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढले असेल, वयोमानाने निवृत्ती झाली असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर ही मदत मिळत नाही. म्हणून एक इशारा. काही ठिकाणी माणूस कमी करताना आधीच टाइप केलेल्या राजीनाम्यावर सही घेतली जाते. 'सही कर, हिशेब घेऊन जा' असे म्हणतात. आपल्याला काढले जात असेल तर 'मी स्वखुशीने काम सोडत आहे' या वाक्याखाली सही करू नका. काम का गेले, हा पुढे पहिलाच प्रश्न असतो. कोऱ्या कागदावर तर सही कधीच नको.

अर्ज अडकतो तो इथे

१. कागदावर अजून नोकरी चालू आहे. हे सर्वांत जास्त दिसणारे कारण. मालक दर महिन्याला कामगारांचे दिवस आणि पगार ऑनलाइन भरतो. ज्याचे दिवस शून्य असतील त्याच्यापुढे कारण निवडावे लागते : रजेवर, काम सोडले, कामगार कपात, काम नाही, असे. कंत्राटदाराच्या कारकुनाने तिथे 'रजेवर' निवडले किंवा शेवटचा कामाचा दिवस भरलाच नाही, तर संगणकाच्या लेखी तुम्ही बेकार नाहीच. उपाय : मालकाला किंवा कंत्राटदाराला लेखी अर्ज द्या की शेवटचा दिवस अमुक आहे, तो नोंदवावा आणि खरे कारण भरावे. पोच घ्या. तो घेत नसेल तर नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि त्या पावतीची प्रत शाखेतल्या अर्जाला जोडा. मग विचारणा शाखेकडून होईल.

२. एका माणसाचे दोन विमा क्रमांक. कंत्राटदार बदलला की नवा कारकून जुना क्रमांक न विचारता नवा काढतो. मग ४० दिवस एका क्रमांकावर, ५० दिवस दुसऱ्यावर, आणि ७८ कुठेच नाहीत. विमा क्रमांक दहा आकडी असतो आणि तो आयुष्यभर एकच चालवायचा असतो. दोन झाले असतील तर दोन्ही क्रमांक, दोन्ही मालकांची नावे आणि नोकरीच्या तारखा लिहून ते जोडून देण्याचा अर्ज शाखेत करा. हे काम दावा भरण्याआधी केले तर बरे.

३. नावातला फरक. आपल्या समाजात हा प्रश्न फार मोठा आहे. 'शेख' हे इंग्रजीत कुठे एस-एच-ए-आय-के-एच, कुठे एस-एच-ई-आय-के-एच, तर कुठे एस-के इतकेच. 'मोहम्मद'चे कुठे 'मोहद', कुठे 'एमडी'. एका कागदावर 'शेख' आधी, दुसऱ्यावर शेवटी. 'अब्दुल' एकीकडे जोडून, दुसरीकडे तोडून. बहिणींच्या बाबतीत माहेरचे नाव एका कागदावर, निकाहनंतरचे दुसऱ्यावर, आणि 'बी', 'बानो', 'खातून' कधी आहे, कधी नाही. उर्दूत एकच असलेले नाव इंग्रजीत चार माणसांचे होते. संगणकाला उर्दू उच्चार कळत नाही. त्याला अक्षरे जुळावी लागतात.

उपाय : आधार, विमा, बँक आणि भविष्य निर्वाह निधी हे चारही कागद समोर ठेवून नावाचे एकेक अक्षर, जन्मतारीख आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव जुळवा. ज्या रूपात जास्त कागद आहेत ते रूप कायम ठेवून बाकीचे त्याप्रमाणे दुरुस्त करा. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, जन्मतारीख एकदाच; म्हणून तिथे विचार करून हात घाला. विम्याच्या नोंदीतली दुरुस्ती मालकामार्फत किंवा शाखेतून होते. आणि एक शिक्षिका म्हणून सांगते : मुलाला शाळेत घालताना दाखल्यावर जे नाव लिहून देता तेच त्याला पुढे कारखान्याच्या दारापर्यंत साथ देणार असते. तेव्हा जन्मदाखला बघूनच लिहा.

४. बँक खाते. पैसे मंजूर होतात आणि परत जातात, कारण खाते बंद किंवा निष्क्रिय असते. दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते. बँकांच्या विलीनीकरणानेही घोळ झाला : देना बँक बँक ऑफ बडोदामध्ये गेली, सिंडिकेट कॅनरामध्ये, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. जुन्या पासबुकवरचा शाखेचा संकेतांक आता चालत नाही. दावा करण्याआधी शंभर रुपये भरून आणि काढून बघा, आणि नवे पासबुक घ्या. खाते स्वतःच्या नावाचे असावे. भावाचे किंवा पत्नीचे देऊ नये.

५. मोबाइल क्रमांक बदलला आहे. सांकेतिक आकडा जुन्या क्रमांकावर जातो आणि दावा पुढे सरकत नाही. आधारला आणि विम्याला आत्ताचा क्रमांक जोडून घ्या.

६. पैसे कापले, पण भरलेच नाहीत. पगाराच्या चिठ्ठीवर कपात आहे आणि विम्याच्या नोंदीत ते महिने रिकामे आहेत. कामगाराकडून कापलेली रक्कम ही मालकाकडे अमानत असते, असे कायदाही मानतो. पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेत आलेला पगार, हजेरी कार्ड, गेटपास यांच्या प्रती जोडून शाखेकडे आणि प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. वर्गणी वसूल करणे हे महामंडळाचे काम आहे. नोकरी चालू असतानाच सहा महिन्यांतून एकदा आपली नोंद उघडून पाहिली, तर ही वेळ येत नाही.

वेळ लागतो आहे, मग पुढे काय?

अटींमध्ये सूट देताना दावे १५ दिवसांत निकाली काढण्याचे २०२० मध्ये जाहीर झाले होते. त्याहून उशीर झाला तर पायऱ्या अशा.

पहिली पायरी शाखा व्यवस्थापक. तोंडी नको, लेखी. महामंडळाचा विनामूल्य फोन १८००-११-२५२६ आहे. तिथे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. दर महिन्याला विमाधारकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी 'सुविधा समागम' भरतो. त्याची तारीख शाखेत विचारा आणि कागद घेऊन जा.

दुसरी पायरी केंद्र सरकारचे लोकतक्रार संकेतस्थळ. २०२४ पासून तिथल्या तक्रारी २१ दिवसांत निकाली काढण्याचे धोरण आहे. उत्तर असमाधानकारक असेल तर अपील करता येते.

तिसरी पायरी माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. अर्ज मराठीत चालतो. 'माझे पैसे का देत नाही' असे विचारू नका. विचारा : 'माझा अमुक तारखेचा दावा आज कोणत्या टेबलावर आहे, त्यावर कोणती कारवाई कोणत्या तारखेला झाली, आणि नामंजूर असेल तर कोणत्या नियमाने?' ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुष्कळदा उत्तराआधी फाइलच हलते.

शाखेला द्यायच्या अर्जाचा नमुना असा :

'मा. शाखा व्यवस्थापक, कर्मचारी राज्य विमा महामंडळ, शाखा … यांस. विषय : बेकारी मदतीच्या प्रलंबित दाव्याबाबत. महोदय, माझा विमा क्रमांक … असून मी … या आस्थापनेत … पासून … पर्यंत कामाला होतो. … या तारखेला माझे काम संपले. मी … रोजी दावा दाखल केला असून त्याची पोच सोबत जोडली आहे. आजपर्यंत मला मंजुरी अथवा नामंजुरी कळलेली नाही. दाव्यात त्रुटी असल्यास ती लेखी कळवावी, नसल्यास रक्कम माझ्या खात्यात जमा करावी, ही विनंती. आपला, … '

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. नामंजूर असेल तर कारण लेखी मागा. तोंडी 'होत नाही' याला उत्तर देता येत नाही, लेखी कारणाला देता येते.

भविष्य निर्वाह निधीचेही तसेच

काम गेल्यावर निधीतले पैसे काढायला गेले की तिथेही हेच दोन अडथळे : नावातला फरक आणि नोकरी सोडल्याची तारीख न भरणे. मात्र ही तारीख मालकाने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्य स्वतः आपल्या खात्यात ती नोंदवू शकतो. ही सोय २०२० पासून आहे. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' हा कार्यक्रम असतो, तिथे समोरासमोर तक्रार मांडता येते.

ज्यांची कपातच होत नाही

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर, गॅरेजमध्ये, बेकरीत, घरबसल्या जरीकाम-शिलाईत असलेल्या बहुसंख्य लोकांना यातले काहीच लागू होत नाही. ई-श्रम नोंदणी जरूर करावी, पण तिने बेकारी भत्ता मिळत नाही हे नीट समजून घ्यावे. ज्या कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे आहेत आणि तरी कपात होत नाही, तिथल्यांनी हातात दोन पैसे जास्त येतात म्हणून खूश राहू नये. विम्याची मागणी करावी. ज्यांना विमाच लागू नाही त्यांच्यासाठी आधार मोहल्ल्याचाच. जमातीच्या बैतुलमालमधून कर्जे हसना मिळाले, तर घर सावकाराच्या दारात जात नाही.

मोहल्ला काय करू शकतो

सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनमधली सर्वांत लांब आयत. तिचा विषय देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवणे आणि साक्षीदार करणे हा आहे. ज्या उम्मतला कागदाची इतकी ताकीद आहे, तिच्या घरात पगाराची चिठ्ठी सापडू नये, हे बरे नाही. प्रत्येक घरात एक फाइल असू द्या : नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पहचान कार्ड, आधार, पासबुक, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच. ती फाइल घरातल्या बाईला माहीत असावी. पुरुष संकोचाने अडला तर तिला पाऊल उचलता येईल. आणि ती स्वतः कामाला जात असेल तर तिची वेगळी फाइल असावी.

आपल्या मोहल्ल्यात बारावी झालेली, संगणक येणारी मुले-मुली भरपूर आहेत. महिन्यातून एका जुम्याला नमाजनंतर मशिदीच्या किंवा शाळेच्या आवारात दोन टेबले लावून त्यांना बसवले, बहिणींसाठी वेगळी वेळ ठेवली, तर वर म्हटलेल्या सहा चुकांपैकी चार तिथेच सापडतील. दलालाला हिस्सा द्यावा लागणार नाही, आणि मोबाइलवर आलेला सांकेतिक आकडा परक्याच्या हाती जाणार नाही. काम गेलेल्या माणसाला 'सब्र कर' असे आपण सगळेच सांगतो. त्याच्या शेजारी बसून त्याचा अर्ज भरून दिला, तर त्याला सब्र करणे सोपे जाईल.